काळा प्लग

माधवराव करोडगिरी खात्यातून निवृत्त झाले होते. निजामाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात वसूल करणारं ते खातं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं गाठोडं सोडून आत हात घालणं हे माधवरावांचं जन्मभराचं काम. नोकरी संपली तरी हाताची सवय गेली नव्हती. आमच्या विशाखाला बघायला ते नांदेडहून आले तेव्हा त्यांनी पोह्यांची बशीसुद्धा चमच्यानं खालवर करून बघितली. शेंगदाण्याखाली आम्ही काय लपवलं असेल असं त्यांना वाटलं, देव जाणे.

मुलगी पसंत पडली. न पडायला काय झालं? लातुरात मॅट्रिक झालेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यात चार माणसांसमोर मान वर करून बोलणारी ही एकटीच. मुलगा वसंत नांदेडच्या एका कापडगिरणीत इंजिनं सांभाळायचा. बोलायचा कमी, पण बोलला की समोरच्याकडे बघून. मलाही आवडला. पत्रिका जुळली, मुहूर्त माघातला धरायचं ठरलं, आणि निघता निघता माधवरावांची नजर पडवीत उभ्या असलेल्या मोटारसायकलवर गेली.

"ही चालते?" त्यांनी विचारलं.

"चालते म्हणजे काय?" माझा भाऊ अनंतराव म्हणाला. "औसा, निलंगा, सगळी कोर्टं हिच्यावरच करतो मी."

अनंता वकील. मी त्याची थोरली बहीण, चंद्रप्रभा. घरात सगळे मला आक्का म्हणतात. लवकर विधवा झाले, भावाकडे आले, आणि विशाखाची आई गेल्यावर घर आणि पोर दोन्ही माझ्या पदरात पडली. हे एवढ्यासाठी सांगते की पुढं जे घडलं त्यात मला कोणी काही विचारलं नाही, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आठवड्यानं नांदेडहून निरोप आला. बाकी काही नको, मोटारसायकल मात्र मुलाला द्यावी, गिरणीत पाळीवर जायला बरी पडेल. येऊन इंजिन तपासून घेऊ. अनंतानं त्याच दिवशी कबूल म्हणून कळवून टाकलं. ना मला विचारलं, ना पोरीला.

"अरे, तू औशाला कशावर बसून जाणार? माझ्या डोक्यावर?" मी म्हटलं.

"सर्व्हिस मोटार आहे की."

"सर्व्हिस मोटारीत चार उतारूंबरोबर बसून जाणारे वकील लातुरात चिक्कार आहेत. पक्षकार तुझ्याकडं का येतात? तू वेळेवर पोचतोस म्हणून."

"शब्द दिला मी, आक्का," एवढं बोलून तो आत निघून गेला. हा माणूस चटणीत मीठ कमी की जास्त यावर तासभर वाद घालणारा. त्याचं असं गप आत जाणं मला खटकलं. पण मी तेव्हा रागात होते, आणि रागात माणसाला दुसऱ्याचं कमी दिसतं.

ती गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची विलायती बीएसए, लढाईच्या आधी हैदराबादेहून आणलेली. दर रविवारी सकाळी बापलेक जुनं धोतर अंथरून तिच्यापुढं बसायचे. आधी अनंता काम करायचा आणि विशाखा पाने हातात द्यायची. मग कधीतरी उलटं झालं. विशाखा पदर खोचून काम करू लागली आणि अनंता खुर्चीत बसून "आता प्लग काढ, पूस" असं सांगू लागला. मुलगी हुशार, बापाला कौतुक, असंच आम्ही धरून चाललो. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात घट्ट बसवलेलं बोटभर लांबीचं बूच; त्याच्या टोकाला ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. तो गेलं वर्षभर काजळीनं काळाकुट्ट निघायचा. विशाखा तो घासून लख्ख करायची आणि पेट्रोलवाल्याचा उद्धार करायची. लढाई संपली तरी पेट्रोल कूपनवरच मिळत होतं, आणि त्यात रॉकेल मिसळतात असा गावभर बोभाटा होता. एक गोष्ट मात्र बरी होती. महिन्याचं पेट्रोल हल्ली उरायचं.

"मी गाडी अशी ठेवलीय, आक्का, की घोटभर पेट्रोलवर औसा गाठती," ती मला सांगायची, आणि मी ते शेजारीपाजारी सांगायची.

याआधी आलेली दोन चांगली स्थळं तिनं स्वतः मोडली होती. का, तर अण्णांना, म्हणजे बापाला, कोण बघणार! हे ती माझ्या तोंडावर म्हणायची. मी समोर भाकरी थापत असायची. त्यामुळं या वेळी ती नांदेडला हो म्हणाली तेव्हा मी देवाला साखर ठेवली होती, आणि आता या मोटारसायकलीपायी पुन्हा तिच्या कपाळावर ती आठी दिसू लागली.

"अण्णा, गाडी देऊ नका," ती बापाला म्हणाली.

"झालं ते झालं. तू त्यात पडू नको."

ती गप बसली. पोरगी बोलते तेव्हा मला काळजी नसते. गप बसते तेव्हा मी तिच्या हातांकडे बघते.

माधवराव आणि वसंत गाडी तपासायच्या आदल्या दिवशी येऊन गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, नातेवाइकांकडे उतरले होते. सकाळी आमच्याकडे यायचे होते. पहाटे मी अंगणात सडा टाकायला गेले तर विशाखा गाडीपाशी उकिडवी बसलेली, हातात पाना.

"काय करायलीस गं?"

"पुसून ठेवती. पाहुणे येणार ना."

पान्यानं कोणी पुसतं का, हे मला दुपारी सुचलं.

पाहुणे आले. चहा झाला. त्यांना कपबशा दिल्या आणि अनंताला त्याचा पितळी पेला, तोही कट्ट्यावर त्याच्या शेजारी ठेवून. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यानं कपबशी सोडली होती. कपबशी साहेबांची, आपला पेलाच बरा, असं काहीतरी तो म्हणाला होता. त्याच सुमाराला औशाच्या कोर्टाच्या पायरीवरून घसरलो म्हणून कोपर सोलून घरी आला होता आणि मी हळद लावली होती. वकिलाच्या डोक्यात काय काय येत असतं, असं म्हणून मी पेल्याचा नाद सोडून दिला होता.

त्या दिवशी दगडोबाही आलेला होता. औसा रोडला आमचं थोडं रान आहे, ते तो बघतो. हुरड्याची कणसं घेऊन आला आणि गाडी धरायला माणूस हवा म्हणून अडकला. हँडल दोन्ही हातांनी असं घट्ट धरून उभा राहिला की जणू गाडी आता शिंग मारणार आहे.

"आमच्यात बैल घेताना दात बघत्यात, खूर बघत्यात," तो वसंतला म्हणाला. "हिचं काय बघायचं असतंय, साहेब?"

"हिचा दाब बघायचा," वसंत म्हणाला. त्यानं कोट काढून खुंटीला लावला, बाह्या दुमडल्या. "आत एक दट्ट्या वरखाली होतो. तो वर येताना हवा दाबतो. इंजिन चांगलं असलं तर ती हवा अडते आणि किक मारणाऱ्याच्या पायाला उलटी ढकलते. झिजलेल्या इंजिनात फटी पडतात. हवा गळते, पाय अडत नाही."

एवढं सांगून त्यानं किकवर पाय ठेवला आणि दाबला. पाय सरळ खाली गेला, पाण्यात जावा तसा. त्यानं पुन्हा दाबला, तेच.

"दाब नाही," तो म्हणाला.

माधवरावांनी खुर्ची पुढं ओढली. "नाही म्हणजे?"

"बिल्कुल नाही, नाना."

मग त्यानं प्लग काढला, जरा उलटसुलट बघितला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं किक दाबली. चांगल्या इंजिनात अंगठा उडतो म्हणे. इथं नुसतं फुस्स झालं.

"वकीलसाहेब," माधवराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज नाक्यावरचा झाला, "वर गूळ आणि खाली माती असली पोती मी पुष्कळ सोडून बघितलीत. सोयरिकीत असलं बघायला मिळंल असं नव्हतं वाटलं."

"गाडी चांगली आहे," अनंता म्हणाला. तो दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून खांबाला टेकून उभा होता. "काल चांगली होती."

"काल चांगली होती आणि आज मेली? मेलेलं जनावर दावणीला बांधून दाखवायचं आणि वर शब्द द्यायचा! आमच्या पोराला काही कळणार नाही असं वाटलं का आपल्याला?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझा भाऊ चिडका असेल, हट्टी असेल, पण त्यानं उभ्या आयुष्यात कोणाला फसवलेलं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात विशाखाचा चेहरा बघितला आणि थांबले. ती पांढरीफटक पडली होती. पोरीला वाटलं असणार की गाडी खराब निघाली तर पाहुणे म्हणतील, राहू दे, नको आम्हाला. सोयरिकीत असं होत नसतं. सोयरिकीत वस्तू खोटी निघाली की देणारा खोटा ठरतो. वीस वर्षांची पोर, तिला हे कुठून ठाऊक असणार?

"थांबा, नाना," वसंत म्हणाला. "अजून झालं नाही. जरा इंजिनतेल द्या."

तेलाची डबी विशाखानंच दिली. त्यानं प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं. "दट्ट्याला रिंगा असतात. त्या झिजल्या असतील तर हे तेल फटी बुजवतं आणि थोडा वेळ दाब वाढतो. वाढला नाही, तर दोष रिंगांचा नाही, दुसरीकडं आहे."

पुन्हा अंगठा, पुन्हा किक, पुन्हा तेच फुस्स. वसंतच्या भुवया वर गेल्या. त्यानं दगडोबाला किक हळूहळू दाबायला सांगितली आणि स्वतः धूर सोडायच्या नळीपाशी कान नेऊन बसला. आम्हाला काही ऐकू आलं नाही, त्याला आलं. तो उठला आणि हँडलवरची एक लहान दांडी त्यानं बोटानं हलवून बघितली.

"ही दांडी ओढली की इंजिनाची झडप उघडी राहते आणि दाब निघून जातो. इंजिन बंद करायला वापरतात. हिची तार इतकी आवळलीय की झडप बसतच नाही." त्यानं तारेच्या टोकाच्या नटावर बोट ठेवलं. "पान्याचा ओरखडा ताजा आहे. इंजिनाला काही झालेलं नाही, नाना. कोणीतरी मुद्दाम केलंय."

दगडोबानं उगाच हँडल आणखी घट्ट धरलं.

"मी केलं," अनंता म्हणाला.

त्यानं पोरीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला लगेच कळलं होतं. त्या गाडीला हात लावणारं घरात दुसरं होतंच कोण?

वसंतनं पान्यांची गुंडाळी त्याच्यापुढं केली. त्यात काही डाव नव्हता, साधेपणानंच केली. "मग जरा सैल करता? दाब बघून घेऊ."

अनंता हलला नाही. मग त्यानं उजवा हात खिशातून काढला, एक पाना घेतला आणि नटाला लावायला गेला. पाना बसेना. लोखंडावर लोखंड टकटक वाजायला लागलं. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी वाजत राहिलं. मला वाटलं, रागानं थरथरतोय.

विशाखानं त्याच्या हातातून तो पाना काढून घेतला, बाजूला टाकला आणि गुंडाळीतून न बघता दुसरा उचलला.

"अण्णा खोटं बोलतात," ती म्हणाली. "सकाळी मी आवळली. त्यांना ठाऊक नव्हतं." तिनं नट सैल केला आणि पदराला हात पुसत माधवरावांसमोर उभी राहिली. "ही गाडी गेली तर अण्णांची औसा-निलंग्याची कोर्टं गेली. आई गेल्यावर या माणसाला या गाडीशिवाय दुसरं काही नाही. मी येते नांदेडला. गाडी येणार नाही."

चार माणसांत मान वर करून बोलते म्हणून जिचं कौतुक केलं, ती हीच. माधवरावांचं तोंड उघडं राहिलं. मला भीतीही वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

वसंतनं मात्र बापाकडे बघितलं नाही. प्लग परत बसवायचा म्हणून त्यानं खिशातला कागद उघडला होता आणि तो प्लगकडेच बघत उभा होता.

"वकीलसाहेब, आपण रोज कुठवर जाता हिच्यावर?"

"औशाला," उत्तर विशाखानं दिलं. "कधी निलंग्याला."

"नाही," वसंत म्हणाला.

"नाही कसं? मी रोज दारातून जाताना बघती."

"गाडी लांब पळाली की प्लग तापतो आणि त्यावरची काजळी जळून जाते. मग तो बदामी दिसतो. हा बघा, काळाकुट्ट."

"ते रॉकेल आहे. पेट्रोलमध्ये भेसळ करतात."

त्यानं टाकीतल्या पेट्रोलचा थेंब तळहातावर घेतला आणि फुंकर मारली. थेंब उडून गेला. हात कोरडा, तेलकट डाग नाही. त्यानं हात तिच्यापुढं धरला. "रॉकेल नाही. ही गाडी तापतच नाही. सुरू होते, गावाच्या कडेपर्यंत जाते आणि बंद होते. रोज."

विशाखानं बापाकडे बघितलं. अनंताचे हात पुन्हा खिशात गेले होते. मी दगडोबाकडे बघितलं, तर तो मान खाली घालून आपल्या वहाणा बघत होता. त्या वहाणांत बघण्यासारखं काही नव्हतं.

"दगडोबा, काय रे?"

"मला न्हाई ठावं, आक्कासाब. मला काय इचारू नगा."

"राहू दे, आक्का," अनंता म्हणाला. "त्याला मीच शपथ घातलीय."

मग त्यानं हात बाहेर काढले आणि आमच्यापुढं धरले. दोन्ही थरथरत होते. त्या वेळी तो रागात नव्हता. आवाज तर अगदी साधा होता.

"गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून. क्लच दाबला की सुटतो, ब्रेकवर बोटं राहत नाहीत. औशाच्या अलीकडं ओढ्यात पडलो. कोर्टाची पायरी वगैरे काही नाही. दगडोबानंच उचललं. तेव्हापासून गाडी औसा रोडवर महादेवप्पाच्या आडतीमागं लावतो आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं जातो. संध्याकाळी तिथून घेऊन घरी येतो. तेवढं जमतं."

"वर्षभर?" विशाखा म्हणाली. "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू नांदेडला हो म्हणाली असतीस?"

विशाखा मघाशी टाकलेला पाना उचलून गुंडाळीत ठेवू लागली.

"माधवरावांनी गाडी मागितली तेव्हा मला देवच पावला," अनंता म्हणाला. "विकली असती तर तू का म्हणून विचारलं असतंस. इथं राहिली तर मी एखाद्या दिवशी पुन्हा निलंग्याला निघेन, माझा मला भरवसा नाही. आणि तू गेल्यावर तिला बघणार कोण? मला तर आता प्लगसुद्धा काढता येत नाही. तुझ्या हातची आहे, तुझ्याबरोबर जाऊ दे."

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. ज्याच्या पानात मी दोन वेळा वाढते त्याचे हात मी बघितले नव्हते.

पहिले बोलले ते माधवराव, आणि तेही जमिनीकडे बघत. "माझे खालचे दात सगळे बसवलेले आहेत."

"नाना?" वसंत चमकला.

"हैदराबादेला लग्नाला म्हणून गेलो होतो ना, तेव्हा बसवून आलो. घरात कोणाला सांगितलं नाही. चण्याची डाळ सोडली ती पोटाच्या निमित्तानं." त्यांनी घसा खाकरला. "वकीलसाहेब, मघाशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. माफी असावी."

"असू द्या," अनंता म्हणाला.

वसंतनं प्लग पुसून बसवला. किकवर पाय ठेवला, दाबला, मग दुसराही पाय उचलून सगळा भार तिच्यावर टाकून उभा राहिला. किक हलली नाही. तो तसाच उभा, दगडोबा हँडल धरून "आयला!" म्हणून बघतोय.

"इंजिन उत्तम आहे," वसंत खाली उतरून म्हणाला. "पण गार इंजिनावरून मी खरं सांगणार नाही. तापवून बघायला हवं. औशापर्यंत जाऊन येतो. वकीलसाहेब, रस्ता दाखवायला येता का?"

औशाचा रस्ता आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की सरळ आहे, पोराटोरांनाही सापडेल. अनंतानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग आत जाऊन आपली काळी टोपी आणि मफलर घेऊन आला आणि मागं बसला.

ते गेले. माधवराव हुरडा घेऊन बसले, दातांचं गुपित फुटल्यामुळं आता बिनधास्त हळूहळू चावत. विशाखा पायरीवर बसली होती.

"मी नाही जाणार नांदेडला," ती हळूच म्हणाली. "त्यांना कोण बघणार, आक्का?"

मग मात्र माझा ताबा सुटला. "मी कोण आहे गं? या घरातली चूल आहे का मी? तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस. तेव्हा तुला कोणी बघितलं, तुझ्या बापाला कोणी बघितलं? त्याचे हात थरथरतात, माझे नाही. तो एक मूर्ख, वर्षभर हात खिशात घालून हिंडला. तू एक मूर्ख, लोखंडाची तार आवळून बापाला वाचवायला निघालीस. दोघांना एकमेकांशिवाय या घरात तिसरं माणूस दिसलं नाही. मला सांगितलं असतं तर मी काय गावात दवंडी पिटली असती?"

माधवरावांनी हुरड्याचा घास हातातच धरला. विशाखा माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मला पहिल्यांदाच बघते आहे. मग तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पोरगी लहानपणानंतर असं कधी करत नव्हती. मी तिच्या केसांतून हात फिरवला. हाताला इंजिनतेल लागलं.

"तो बघून घेईल स्वतःला," मी म्हटलं. "उरलेला मी बघीन. तू तुझं बघ."

दिवेलागणीच्या आधी गाडीचा आवाज आला. गल्लीच्या तोंडापासूनच अनंताचं बोलणं ऐकू येत होतं. टोपी खिशात, केस उभे, तोंडावर धूळ, आणि तोंड चालू. औशाच्या किल्ल्याला वळसा घातला म्हणे, कोर्टासमोर थांबून दोन वकिलांना मुद्दाम रामराम केला म्हणे, वसंत वळणावर वेग कमी करत नाही म्हणे. वर्षभरात त्याला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

विशाखा फडकं आणि पाना घेऊन उठली. वसंत बाजूला झाला. तिनं तापलेला प्लग फडक्यात धरून काढला आणि उजेडाकडे नेला. टोकाला काळं काही नव्हतं. खरपूस भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा असतो तसा बदामी रंग.

"हा असा असतो," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "वर्षभर दर रविवारी काळा निघत होता, आक्का. माझ्या हातात होता. आणि मी पेट्रोलवाल्याला शिव्या देत राहिले."

कोणी तिची समजूत घातली नाही. तिनं डोळे पुसले, प्लग परत बसवला, आणि वसंतकडे वळून म्हणाली, "नांदेडला प्लग मी काढणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं," वसंत म्हणाला.

मी चहा केला. पाहुण्यांना कपबशा दिल्या आणि सवयीनं अनंताचा पेला कट्ट्यावर ठेवायला वाकले.

"कपबशी दे, आक्का," तो म्हणाला.

मी दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. कप बशीवर वाजायला लागला, थोडा चहा सांडला. त्यानं बशी खाली ठेवली नाही आणि आमच्यापैकी कोणी नजर दुसरीकडे वळवली नाही. तो शेवटचा घोट घेईपर्यंत ती बशी वाजत होती, आणि विशाखा समोर बसून त्याच्या हातांकडे बघत होती.